‘नवरा गेला म्हणून ती गेली’

सरकारी कचेरीत वीसेक वर्षे अर्ज हाताळले की काही गोष्टी डोळ्यांना दिसेनाशा होतात. बाईचा अर्ज आला की तिच्या नावाशेजारी कुणाची तरी मुलगी किंवा कुणाची तरी पत्नी असे लिहिलेले असते. खाली धर्माचा रकाना. तो रकाना तिने स्वतः विचार करून भरला असेल असे ना साहेबाला वाटते, ना कारकुनाला. बापाचा धर्म तो लेकीचा, नवऱ्याचा धर्म तो बायकोचा. रकाना भरला, शिक्का मारला, पुढचा अर्ज घ्या.

मागच्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याच्या घरच्या लग्नासाठी तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात इचोड्याला जाणे झाले. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, कापसाच्या मुलखातले हे गाव. बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू सगळे एका दमात ऐकू येते. मी गोव्याचा म्हटल्यावर मांडवात गप्पांचा ओघ गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांकडे वळणे ओघानेच आले. एक निवृत्त गुरुजी शेजारी बसले होते. ते म्हणाले, “सायब, माणसांनी धर्म बदलला ते समजतं. बाईनं कवा बदलला? नवरा गेला तिकडं, म्हणून ती गेली. पोरं गेली तिच्यामागं.”

मी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतले. नाव त्यांना माहीत होते, पण ‘रेव्हरंड टिळकांच्या मंडळी’ म्हणून. म्हणजे तोच रकाना. पंगत बसली आणि विषय राहून गेला. पण गुरुजींचे ते वाक्य त्यांचे एकट्याचे नाही. आपल्यातले शिकलेले लोकही ख्रिस्ती बाईच्या श्रद्धेबद्दल हेच धरून चालतात, आणि तिचे कौतुक करायचे झाले तरी ‘बिचारीने किती सोसले’ यापलीकडे जात नाहीत. म्हणून हा लेख.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड, त्यात घरातल्या बायकांचा जीव मेटाकुटीला आलेला. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. टिळक बुद्धिमान, कवी आणि कमालीचे लहरी. नोकरी धरायची, सोडायची, मनात आले की घराबाहेर पडायचे. बायकोने मागे राहून घर सावरायचे. मुले झाली, त्यांतली काही लहानपणीच गेली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला. दोन वर्षांच्या विचारानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात बायकोचा वाटा नव्हता. तिच्या पदरात त्या वेळी दत्तू हा लहान मुलगा होता.

गुरुजींच्या हिशेबाप्रमाणे आता तिने मागोमाग जायला हवे होते. ती गेली नाही. दिवस, महिने नव्हे, काही वर्षे ती मुलाला घेऊन आपल्या नातेवाइकांकडे राहिली. त्या काळी धर्मांतर केलेल्याची बायको म्हणजे धड सवाष्ण नाही आणि धड विधवाही नाही. नवरा जिवंत, पण त्याच्या घरचे पाणी चालत नाही. आश्रय देणारी माणसे मायेची असली तरी दुसऱ्याच्या चुलीवर किती दिवस शिजवायचे, हा प्रश्न रोजचा. १८६६ चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको धर्मापायी नांदायला येत नसेल तर त्याला कोर्टात जाऊन विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. त्यांनी वाट पाहिली.

पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्याही आपल्या अटींवर. नवऱ्याच्या गावात आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. जरा डोळ्यांपुढे आणा. गावात अमेरिकन मराठी मिशनचा मोठा पसारा. नवरा त्या मिशनमधला नावाजलेला माणूस. सगळ्यांचे लक्ष या बाईकडे, की आज येते की उद्या येते. आणि ही बाई शांतपणे आपले सोवळे सांभाळून आहे. तिला कुणी कोंडून ठेवलेले नाही, कुणी ओढूनही नेत नाही. तिचे तिलाच ठरवायचे आहे, आणि ठरत नाही तोवर ती खोटे ‘हो’ म्हणत नाही.

मग एके दिवशी तिच्या मनातली जात गेली. ती कशी गेली हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. कुणाच्या प्रवचनाने नव्हे, आपल्याशीच विचार करता करता गेली. माणूस माणसापासून वेगळा कशाने, हा साधा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, उत्तर सापडेना, आणि मग त्या कुणाच्याही हातचे खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी जात सुटली, मग धर्म घेतला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात सोवळ्यापायी बायकांचा अर्धा जन्म गेला, त्या घरातली लेक सोवळे टाकायला वेळ घेते आणि टाकते तेव्हा मुळासकट टाकते. नवऱ्याच्या नावाखाली सही करून सुटायचे असते तर पाच वर्षे लागलीच नसती.

आणि या पाच वर्षांत ती आई होती. एकटीचाच प्रश्न असता तर हट्ट म्हणून सोडून देता आला असता. पण मुलगा मोठा होत होता. त्याला बाप हवा होता, त्याच्या शिक्षणाचे, मुंजीचे, पुढच्या सोयरिकीचे प्रश्न होते. आई ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला मुलाचे आयुष्य जाणार. अशा वेळी घाई करणे सोपे असते, कारण घाईला ‘मुलासाठी केले’ हे कारण आयते मिळते. त्यांनी ते कारण वापरले नाही. हे धैर्य रणांगणावरचे नाही, म्हणून ते दिसत नाही एवढेच.

टिळक १९१९ साली वारले. त्यानंतर पन्नाशी ओलांडलेल्या या बाईने मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी घेतली, पुढे मुलाबरोबर कराचीला राहून आल्या. देवदत्तांना, म्हणजे त्या दत्तूला, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आईने त्या लिहिल्या. १९३४ पासून त्या पुस्तकरूपाने येऊ लागल्या आणि नवऱ्याच्या चरित्राचे टिपण म्हणून सुरू झालेले काम मराठीतले एक थोर आत्मचरित्र होऊन बसले. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य दहाएक अध्यायांवर सोडले होते. त्यातले उरलेले बहुतेक सगळे अध्यायही लक्ष्मीबाईंनीच लिहिले. म्हणजे लिहिण्यातही ती नवऱ्याच्या मागे गेली असे म्हणायचे, तर ती त्याच्यापुढे कितीतरी कोस निघून गेली असेही म्हणावे लागेल.

आता दुसरी बाई. तिच्या बाबतीत ‘नवरा गेला म्हणून’ हे वाक्य म्हणताच येत नाही, कारण ख्रिस्ती झाली तेव्हा ती विधवा होती. पंडिता रमाबाई, जन्म १८५८. दुष्काळात आईबाप गेले, भाऊ गेला. बंगालमधल्या बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी जात ओलांडून लग्न केले, १८८१ साली मनोरमा झाली आणि १८८२ साली नवरा गेला. दोन वर्षांची मुलगी घेऊन ही बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडे गोष्ट इथे संपवतात. एका बाजूला ‘मिशनऱ्यांच्या नादी लागली’, दुसऱ्या बाजूला ‘तिला प्रकाश दिसला’. खरी गोष्ट यानंतर सुरू होते. वाँटेजच्या जोगिणींनी, विशेषतः सिस्टर जेराल्डाइन यांनी, तिला आपली मुलगी मानले होते, आणि मुलीने ऐकावे ही त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी वाद घातला. त्रैक्याचा सिद्धान्त डोळे मिटून घेणार नाही म्हणाल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या लोकांना लॅटिन कुठे येते, लिहायचे तर संस्कृतात लिहा, असा त्यांचा मुद्दा. खाणे शाकाहारीच ठेवले. ज्यांच्या छपराखाली राहायचे, ज्यांच्या पैशावर मुलगी वाढते आहे, त्यांच्याशी हा वाद. त्यांचा आणि सिस्टर जेराल्डाइनचा पत्रव्यवहार आता छापलेला आहे. तो वाचताना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट जाणवते. भांडण देवाचे असले तरी त्याच्या मध्यभागी मनोरमा आहे. या मुलीला काय शिकवायचे, कुठल्या पंथाच्या साच्यात घालायचे, हे कोण ठरवणार? मठ की आई? रमाबाईंचे उत्तर पक्के होते. आई.

मला रमाबाईंबद्दल अतोनात आदर आहे. पण आदर म्हणजे आरती नव्हे. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ, असे त्याचे स्वरूप ठरले होते. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करत आणि ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येत. पुण्यात काहूर उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांना सनातनी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण त्यांचा प्रश्न तोच होता, जो रमाबाईंनी वाँटेजमध्ये विचारला होता. माझ्या मुलीचा देव कोण ठरवणार? मनोरमेसाठी जो हक्क आईने मागितला तो त्या विधवा मुलींच्या आईबापांना नव्हता काय? आणि त्याहून पुढचा प्रश्न असा, की आईबाप बाजूला ठेवले तरी त्या मुलींचे स्वतःचे काय? त्यांतल्या कित्येकींचे आईबाप त्यांचे केस कापून त्यांना कोपऱ्यात बसवायला तयार होते. दार उघडे ठेवणारी बाई त्यांना निदान उठून चालत जाण्याची मुभा देत होती.

पुढे १८९६-९७ च्या आणि मग १९०० च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आणि गुजरातेत जाऊन मुली-बायका घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन शेकडो जिवांनी भरले. ज्यांना कुणीच उरले नव्हते अशा त्या मुली. भुकेल्या माणसाने घेतलेला धर्म हा किती त्याचा, हा प्रश्न इथे अधिकच बोचतो, आणि तो विचारलाच पाहिजे. पण तो विचारणाऱ्याने त्या वर्षी आपल्यातले कोण त्या मुलींना आणायला गेले होते, हेही विचारावे. दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारले तरच ते प्रामाणिक होतात.

मनोरमा मोठी झाली, आईच्या कामातली उजवा हात झाली, निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला काढलेली शाळा तिने सांभाळली. १९२१ साली, चाळिशीच्या आतबाहेर ती गेली. जिच्यासाठी एवढे भांडण मांडले ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. साध्या बायकांना वाचता यावे असे मराठी त्यांना हवे होते. मुलीच्या मृत्यूनंतर त्यांनी ते काम सोडले नाही, पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. श्रद्धा म्हणजे काय याची व्याख्या मला करता येत नाही. पण त्या नऊ महिन्यांत रोज मेजापाशी बसणाऱ्या बाईजवळ ती असणार, एवढे मी मानतो.

हे सगळे लिहिताना मला गोव्याचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. आईच्या निर्णयाला किंमत नसली की काय होते, याचा सर्वांत कठोर दाखला आमच्याच मातीत आहे. पोर्तुगीज अमदानीत १५५९ साली अनाथ हिंदू मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याचे फर्मान निघाले. पुढे त्याचा अर्थ असा ताणला गेला की बाप मेला की मूल अनाथ, मग आई जिवंत का असेना. कागदावर ती आई नव्हतीच. कारकून म्हणून हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण हे काम तलवारीने जितके झाले तितकेच रकान्याने झाले. कुठल्यातरी लेखणीने ‘अनाथ’ हा शब्द लिहिला असणार.

आणि तरी त्याच मातीत पुढच्या पिढ्यांतल्या आयांनी लादलेला धर्म आपला करून घेतला. संध्याकाळी घराघरात तेर्स म्हणायला मुलांना गोळा करते ती आईच. घो तारवावर गेलेला, वर्ष-वर्ष पत्ता नाही, शेत आणि घर हिच्या हातात, आणि सांजेला समईऐवजी मेणबत्ती. लग्नात रोसाच्या वेळी ओव्या म्हणायच्या त्या बायकांनीच. १७३६ साली इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून लग्नकार्यातल्या अशा कितीतरी जुन्या चालींवर बंदी घातली होती. जाहीरनामे जुन्या दप्तरात गेले. रोस आजही होतो, ओव्या आजही म्हणतात. राजाने दिलेला देव त्यांनी घेतला, पण त्याला आपल्या भाषेत, आपल्या नारळाच्या रसाने न्हाऊ घातले. यालाही मी धैर्यच म्हणतो. यातल्या एकीचेही नाव कुणाला ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टी. तर दोन अलीकडच्या. केरळच्या मेरी रॉय. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, दोन मुलांच्या आई. त्रावणकोरच्या जुन्या वारसा कायद्याने सीरियन ख्रिस्ती मुलीला भावाच्या तुलनेत नावापुरता हिस्सा मिळे. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली जिंकल्या. भाऊ विरुद्ध, समाज नाराज. आम्हा गोवेकरांना १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे मुलीचा समान वाटा ही रोजच्या कागदपत्रांतली गोष्ट वाटते, म्हणून त्या निकालाचे मोल चटकन कळत नाही. दुसऱ्या ग्लॅडिस स्टेन्स. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचा नवरा आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले गाडीत जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. खटला चालला, शिक्षा झाल्या. क्षमेसाठी न्यायालयाचे दार बंद करावे लागले नाही. आणि मुलीला घेऊन त्या पुढची काही वर्षे बारीपदातच कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिल्या. एकीने हक्क सोडला नाही, दुसरीने सूड सोडला. दोघींनाही कुणी ते करायला सांगितले नव्हते. उलट मेरी रॉयना ‘घरातले घरात ठेव’ आणि ग्लॅडिसना ‘आपल्या देशी परत जा’ असे सांगणे जगाच्या रीतीला धरून झाले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे. ख्रिस्ती समाज या बायकांना संत करतो, आपण मराठी हिंदू त्यांना ‘तिकडे गेलेल्या’ म्हणून बाजूला ठेवतो. संत केले की त्यांचे वाद, शंका, हट्ट पुसून जातात. बाजूला ठेवले की त्यांचे लिहिणेही आपण गमावतो, आणि ते लिहिणे आपल्याच भाषेत आहे, आपल्याच स्वयंपाकघरांतून आलेले आहे. ‘सोसले’ हा शब्द दोन्हीकडचे लोक उदारपणे वापरतात, कारण सोसणाऱ्या बाईला उत्तर द्यावे लागत नाही. ठरवणाऱ्या बाईला द्यावे लागते. लक्ष्मीबाईंनी ठरवले, रमाबाईंनी ठरवले, आणि मनोरमेच्या आईने मागितलेला हक्क शारदा सदनातल्या मुलींच्या बाबतीत कुठवर पाळला गेला हेही तिला विचारता येते, ते तिने ठरवले म्हणूनच. माणूस म्हणून तिचा हाच मान आहे.

घरात ‘स्मृतिचित्रे’ असेल तर या सुट्टीत पुन्हा काढा. नसेल तर गावच्या ग्रंथालयात नक्की असते. रडायची तयारी ठेवून बसू नका, बाई फार हसवते. फक्त वाचताना एक करा. ‘टिळकांची बायको’ म्हणून वाचू नका. पाच वर्षे ‘नाही’ म्हणून मग ‘हो’ म्हणालेली एक आई, असे म्हणून वाचा.